मागच्या चाकाला एरंडेल

चाकाबद्दल मला कोणी शिकवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या तांड्यात पन्नास घरं, पण ज्याच्या बंडीचं चाक उतारावर कुरकुरत नाही असं घर एकच, आमचं. माझ्या सासऱ्याची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तो मुलूखभर फिरलेला. लदेणी संपली, बंडी आली, आणि बंडीखाली चाकांना द्यायच्या एरंडेलाचा नळा टांगला. तो नळा कधी कोरडा पडला नाही. मरताना सासऱ्यानं तो मुलाच्या हाती दिला नाही, माझ्या हाती दिला. माझा नवरा फकिरा तेव्हाही खाटेवर बसून होता, आजही बसून आहे. चांगला माणूस आहे. बोलत नाही, म्हणून चांगला आहे.

तर अशा घरात मोटरसायकल आली, आणि माझ्या डोक्यातला सगळा हिशेब उलटा झाला.

कापसाचे ते वाईट दिवस होते. दर चार दिवसांनी पांढऱ्या गाडीतून साहेब उतरायचे, बोंड हातात घेऊन फिरवायचे, काहीतरी लिहायचे आणि आमच्याच घरचा चहा पिऊन महागावला परत जायचे. तिसऱ्या वर्षीही पऱ्हाटी लाल पडली तेव्हा माझा मुलगा सुनील म्हणाला, "साहेबाईनं बोंड पाह्यलं, आता मी वणी पाह्यतो." तो वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. त्याची काळी मोटरसायकल घरी राहिली. ती माझ्या सुनेनं, बबितानं घेतली.

घेतली म्हणजे कामाला घेतली. बबिता उपकेंद्रावर नर्स. बुधवारी महागावहून लशीचा डबा आणायचा, आतला बर्फ पाणी व्हायच्या आत चार तांडे करायचे आणि लेकरांना सुया टोचायच्या. एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात आलं तर. डॉक्टरसाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, बाई, चार तांडे वेळेत होत नसतील तर मी दुसरी नर्स पाहतो. म्हणजे गाडी आहे तर नोकरी आहे. हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही बाई गाडीवर पाय टाकून बसते हे बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सुनील जायच्या आधी महागावच्या गॅरेजवाल्या राजदीपला घेऊन आला. पोरगा नीट. आल्या आल्या म्हणाला, "जय भीम, आजी."

"जय सेवालाल. चहा घेतो का आधी गाडी पाह्यतो?"

"आधी गाडी."

मला बरं वाटलं. पण त्यानं बबिताला शिकवायला सुरुवात केली आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं. तो खाली बसला, साखळीला खालून बोट लावलं आणि म्हणाला, "वयनी, चेन अशी पाह्यची. दोन बोटं हालली पाह्यजे. ताणून नाई ठेवायची."

मी म्हटलं, "ढिली ठेवायची? जुपणं ढिलं ठेवलं तर बैल मोकळा होते."

"आजी, हा बैल नाई."

"ते मले दिसून राह्यलं. याले शेपूट नाई."

बबिता पदर तोंडाला लावून हसली. राजदीप पुढं सांगत गेला. टायरची हवा आठवड्यातून एकदा पाहायची, तीही सकाळी, गाडी थंड असताना. कमी भरली तर गाडी डोलते, जास्त भरली तर घसरते. मग भरायची तरी कायले, मी विचारलं. त्यानं ते ऐकलं नाही असं केलं. पायात चप्पल नको, बंद बूट पाहिजे. पदर, ओढणी, जे काय असेल ते कमरेला खोचून बांधायचं, चाकानं एकदा तोंडात धरलं की सोडत नाही. हे एवढं मला पटलं. मग त्यानं हेल्मेट काढलं. बबिताच्या डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि तिला मान हलवायला सांगितलं.

"डोक्यासंग हेल्मेट हाललं पाह्यजे. आत डोकं एकटं हाललं, का समजायचं माप मोठं आहे. अन् एकदा पडून आपटलं, का फेकून द्यायचं."

"फुटलं नसंल तरी?"

"दिसाले नसंल फुटलं तरी."

आता सांगा. धड दिसणारी वस्तू फेकायची, साखळी ढिली ठेवायची, हवा भरायची पण भरायची नाही. मी फकिराकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता.

शेवटी राजदीपनं बिरेक शिकवला. एक हातात, पुढच्या चाकाचा. एक पायात, मागच्या चाकाचा. "दोन्ही संगं, हळूहळू दाबायचे. गिट्टी असंल, माती असंल, तर आधीच धीमी व्हायचं. पुढचा एकटा करकचून दाबला का गाडी आडवी. मागचा पाय विसरायचा नाई."

बबितानं हे सगळं पाठ केलं. रोज निघायच्या आधी ती गाडीभोवती फिरायची. साखळीला बोट, टायरला अंगठा, बिरेकवर पाय, दिवा, हॉर्न. मी म्हणायची, देवाभोवती एवढी फिरली असती तर नातू झाला असता. ती म्हणायची, "याडी, नातू होईल तवा त्याले सुई द्याले गाडीच लागंल." याडी म्हणजे आमच्यात आई. जीभ मात्र तिला माझ्याच घरात आल्यावर फुटली.

दोन महिने असे गेले. मग मागचं चाक रडायला लागलं.

ती दारात येऊन थांबायची तेव्हा चीं असा बारीक आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची धनीबाई कुडाच्या पलीकडून मान वर करून म्हणाली, "काहून वं मानीबाई, देवीलाल बुढ्याच्या घरचं चाक बोलाले लागलं?"

देवीलाल माझा सासरा. तीस वर्षं ही बाई असं काहीतरी म्हणायला टपून बसली होती.

मी बबिताला म्हटलं, "चाक रडून राह्यलं." ती म्हणाली, "धूळ गेली असंल याडी, बिरेक दाबला का वाजते. बुधवारचं काम झालं का राजदीपकडे दाखवते." मी मनात म्हटलं, चाकाचा आवाज थांबवायला या घरच्या माणसानं महागावला जायचं? मग तो नळा मी कशाला सांभाळून राह्यली?

बुधवारी सकाळी बबितानं तिची प्रदक्षिणा केली, बिरेक दाबून पाहिला आणि आंघोळीला गेली. मी नळा काढला. गाडी मोठ्या स्टँडवर उभी होती, मागचं चाक अधांतरी. मी ते हातानं फिरवलं, कान लावला. चाकाच्या मधोमध लोखंडाची मोठी डबी असते, तिच्या कडेला बारीक फट असते. सगळ्या चाकांचा जीव मधेच असतो. कोंबडीचं पीस एरंडेलात बुडवून मी त्या फटीत सोडलं. एकदा, दोनदा, मग पिसाचा कंटाळा आला म्हणून नळाच वाकडा केला. चाक फिरवत गेले आणि ते तेल पीत गेलं. पायाचा बिरेक हातानं दाबून पाहिला. आवाज बंद. बाहेर सांडलेलं फडक्यानं पुसून घेतलं, कारण काम केलं की खूण ठेवू नये हे मला सासऱ्यानं शिकवलं.

बबिता निघाली. तांड्याच्या तोंडाशी बैल आडवे आले म्हणून थोडी थांबली. चाक मुकं. मी धनीबाईच्या कुडाकडे पाहिलं. तिनं मान खाली घेतली. त्या दिवशी मी भाकरीसुद्धा एक जास्त खाल्ली.

दुपारी बबिताला बंडीत घालून आणलं.

नाल्याच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या होत्या. तिनं पाय दाबला, मागचा बिरेक लागलाच नाही. गाडी तशीच पळत राहिली. मग घाबरून तिनं हातातला पुढचा करकचून दाबला, खाली गिट्टी, गाडी आडवी. उजवं मनगट सुजून लाकडासारखं झालं होतं, गुडघा सोलला होता. लशीचा डबा नाल्यात. हेल्मेटला कानाच्या वर एक बारीक रेघ गेली होती, केसाएवढी. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ती रेघ कवटीवर असती तर, हा विचार डोक्यात आला. 

संध्याकाळच्या आत नायक हिरासिंग आला. तांड्याचा नायक म्हणजे त्याचा शब्द मोठा, आणि फकिराला तो भाऊ मानतो म्हणून मला भोजाई म्हणतो. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पोरी, काय झालं?"

"बिरेक लागला नाई, काका."

"सकाळी पाह्यला होता?"

"पाह्यला होता. लागत होता."

"सकाळी लागत होता अन् दुपारी नाई? गाडी काय माणूस आहे, तिले मन आहे?"

बबिता बोलायला गेली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ते कधी पाहिलं नव्हतं. ती आपल्याच पायाकडे पाहत होती. म्हणाली, "का मीच दाबला नसंल... मले वाटते दाबला. नाई ठाऊक आता."

नायक माझ्याकडे वळला. "भोजाई, तू चाकातली जाणकार. गाडीत खोट होती का?"

आणि मी, मानीबाई, छाती काढून म्हटलं, "गाडीत काही खोट नव्हती. मी सकाळीच कान लावून ऐकलं. चाक एकदम चांगलं होतं."

खोटं बोलले नाही मी. जे मला ठाऊक होतं तेच बोलले. पण ते बोलले आणि बबितानं डोळे मिटून घेतले. नायक उठला. "म्हणजे गाडी बरोबर, बाई चुकली. इतवारी नसाब बसवू. सुनीलले बोलावतो. गाडी तो वणीले घेऊन जाईल." नसाब म्हणजे आमच्या तांड्याची बैठक, तिथं एकदा ठरलं की ठरलं.

मला झोप लागली नाही, असं नाही. लागली. पण डोक्यात एक काटा राहिला. पोरगी विसरणारी नाही. गाडीही चांगली होती. दोन्ही खरं असेल तर ती पडली कशी? दोन दिवस मी हेच दळत होते. फकिराला विचारलं तर म्हणाला, "राजदीपले विचार." वर्षात त्यानं दिलेला तो एकच सल्ला.

शुक्रवारी मी गाडी बंडीत आडवी घालून महागावला नेली. बबिताला म्हटलं, हाताला पट्टी बदलायची आहे, चल. राजदीपनं मागचं चाक काढलं, ती मधली डबी उघडली आणि नाक जवळ नेलं.

"आजी, यात एरंडेल कोणं टाकलं?"

मी दवाखान्याच्या रस्त्याकडे पाहिलं. बबिता दवाखान्यात गेली होती, हे बरं.

"ह्या पाह्य, ह्या दोन चंद्रकोरी. यायले शू म्हणतात. पाय दाबला का ह्या पसरतात अन् डबीले आतून घासतात. घासल्या तर चाक थांबते. तेल असंल तर घासन काय? थोडं फिरलं, तेल सगळीकडे पसरलं, बिरेक गेला."

"पण घासलं तर झिजते."

"झिजाले पाह्यजेच. झिजल्या का बदलायच्या. साखळीले तेल द्या, केबलले द्या. इथं थेंब नाई."

 एकाच गाडीत एका जागी तेल नसलं तर मरण, आणि दुसऱ्या जागी असलं तर मरण? जन्मभर मी घासणाऱ्या वस्तूला शत्रू मानलं. मी म्हटलं, "मंग चाक रडते ते चांगलं?"

"वाजलं तर उघडून साफ करायचं. तेलानं तोंड नाई बंद करायचं त्याचं."

 त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातलं काम सोडून विचारलं, "आजी, घाटात भरलेली बंडी उतरवताना काय करत होते तुम्ही?"

"मागून दोर बांधून बाया धरत होत्या. मी धरला आहे."

"हात तेलाचे असते तर?"

आम्ही दोर धरायच्या आधी हात मातीत घासत असू. सासू ओरडायची, कोणी डोक्याला तेल लावून आलं असेल तर तिनं मागं सरावं. एका बाईचा हात घसरला आणि बंडी बैलांच्या अंगावर गेली होती. ती बाई पुढं कधी दोराला उभी राहिली नाही.

मी विचारलं, "मंग त्याच्यात थोडी माती टाकली तर?"

"नाई!" राजदीप एवढ्या जोरानं ओरडला की शेजारचा पानवाला बाहेर आला. "माती नाई, राख नाई, काहीच नाई. आजी, तुम्ही त्या डबीले हातच लावू नका."

त्यानं डबी धुतली, नवे शू बसवले. कोणं टाकलं, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. हेल्मेट मात्र हातात घेतलं, ती रेघ पाहिली आणि कोपऱ्यात टाकून दिलं. म्हणाला, यानं त्याचं काम केलं, आता हे गेलं. त्यानं नवं दिलं. पहिल्यांदाच मी काही उलटं विचारलं नाही.

परत येताना बबिता बंडीत गाडीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "काय निंघालं, याडी?"

मी म्हटलं, "बैल हाकू दे मले."

इतवारी कडुलिंबाखाली नसाब बसली. सुनील वणीहून आला होता, कोळशानं डोळ्यांच्या कडा काळ्या. बाया नेहमीप्रमाणे मागं, कुडाला टेकून. त्यात धनीबाई सगळ्यात पुढं. हिरासिंगनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मानीबाईनं सोता सांगितलं, गाडीत खोट नव्हती. म्हणून गाडी सुनीलनं न्यावी."

बबिता मान खाली घालून बसली होती. तिला तिच्याच पायाचा भरवसा राहिला नव्हता, आणि तो मी काढून घेतला होता. मला वाटलं, गप्प बसलं तर काय होईल? गाडी वणीला जाईल, नोकरी दुसऱ्या बाईला जाईल, आणि देवीलाल बुढ्याचा नळा चांगलाच राहील. धनीबाईसुद्धा गप्प राहील.

मी उठले. "नायक, खोट होती."

"आता काहून होती? बुधवारी तर नव्हती."

"बुधवारी मले ठाऊक नव्हती. चाकात एरंडेल होतं. बिरेकमध्ये एरंडेल घातलं का बिरेक लागत नाई. असं राजदीप म्हणते. मले पुरतं समजलं नाई, पण उघडून पाह्यलं मी, तेल होतं."

"कोणं घातलं?"

"या तांड्यात एरंडेलाचा नळा कोणाच्या घरी आहे?"

सगळ्यांच्या माना आमच्या घराकडे वळल्या. मग धनीबाईनं तोंडाला पदर लावला, आणि मी तिच्याकडे बोट करून म्हटलं, "हास. आज तुही बारी आहे. पण पोरीचा पाय बरोबर होता, हे ऐकून घे आधी."

बबितानं वर पाहिलं. रागानं पाहिलं की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मी दाबला होता."

"दाबला होता," मी म्हटलं.

हिरासिंग कान खाजवत बसला. नसाबीत चूक कबूल केली की दंड पडतो, पण सासूनं सुनेच्या चाकात तेल घातलं तर काय दंड, असा मामला आजवर कोणी चालवला नव्हता. शेवटी म्हणाला, "भोजाई, तूच सांग."

"बबिताचा हात बरा झाला का पहिल्या बुधवारी मी तिच्या मांगं बसीन. चारी तांडे. लोकाईले दिसू द्या."

सुनील म्हणाला, "याडी, तू बसशील?" मी म्हटलं, "तू कायले घाबरतो, तू तर वणीले असशील." त्यानं खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि बबिताच्या पट्टी बांधलेल्या हाताऐवजी दुसऱ्या हातात दिली.

तीन आठवडे डॉक्टरसाहेब कसेबसे थांबले. मग तो बुधवार आला. बबितानं गाडीभोवती फेरी मारली, मी तिच्या मागं मागं फिरले, हात पाठीमागं बांधून. मग तिनं राजदीपचे नियम मला लावले. आडवं बसायचं नाही, दोन्हीकडे पाय. फेटियाचा, म्हणजे आमच्या घागऱ्याचा घेर धोतरासारखा मागं खोचला. सुनीलचे जुने बूट घातले. आणि मग राजदीपनं माझ्यासाठी पाठवलेलं हेल्मेट.

ते शिरेना. माझ्या दोन्ही कानशिलांवर घुगऱ्या, चांदीच्या, केसांत गुंफलेल्या. लग्नाच्या दिवशी घातल्या त्या. नवरा आहे तोवर आमच्यात त्या निघत नाहीत. निघतात त्या दिवशी बाई रडत असते.

बबिता हळूच म्हणाली, "याडी, आत काही ठेवता येत नाई. आपटलं तर तेच डोक्यात घुसंल."

"तसं राजदीप म्हणला?"

"हो."

मी गाडीपाशी उभी राहिले. काय करावं मला कळेना. घुगऱ्या काढल्या तर अपशकुन, ठेवल्या तर डोकं. कुडापलीकडून धनीबाई पाहत होती. लशीच्या डब्यातला बर्फ थांबणार नव्हता.

खाटेवरून फकिरा म्हणाला, "काढ."

"काय काढ? लोक काय म्हणतील?"

"मी इथं बसून आहे. मेलो नाई. काढ अन् माह्याजवळ दे."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी केस सोडवले. चाळीस वर्षांनी कानशिलाला वारा लागला. घुगऱ्या त्याच्या ओंजळीत ठेवल्या आणि त्यानं मुठी मिटल्या.

हेल्मेट बसलं. मी मान हलवली, हेल्मेट मानेसोबत हललं. बबितानं पट्टा आवळला. आत सगळं जग दूर गेल्यासारखं ऐकू येत होतं. चाक बोलतं की मुकं आहे, मला काहीच कळत नव्हतं.

नाल्याच्या उतारावर तिनं वेग आधीच कमी केला, दोन्ही बिरेक हळूहळू दाबले. मी तिच्या कमरेला धरलं होतं. माझे हात कोरडे होते.

परत आलो तेव्हा सूर्य कलला होता. फकिरा खाटेवर तसाच बसलेला, मुठी मिटून. बाजूला चहाचा कप भरलेला, साय धरलेला. दोन्ही हात गुंतलेले, पिणार कसा.